सहा प्रमाणपत्रं झाली, शिकवणं बदललं ते एका दुपारी

वाणिज्यवाली, बेळगाव:
गेल्या तीन वर्षांत मी शिक्षकांसाठीच्या ऑनलाइन प्रशिक्षणाची सहा प्रमाणपत्रं मिळवली. पदोन्नतीच्या फाइलीला ती लागतातच. पण माझा वर्ग बदलला तो आमच्या संगणकशास्त्राच्या मॅडमनी माझाच घसाऱ्याचा, म्हणजे वापरानं वस्तूची किंमत घटते त्याचा, धडा स्प्रेडशीटवर मांडून दाखवला तेव्हा. एक लाखाचं यंत्र, दर 10 टक्के. स्थिर हप्ता पद्धतीत दरवर्षी 10,000. घटत्या शिल्लक पद्धतीत दर उरलेल्या किमतीवर, म्हणून 10,000, 9,000, 8,100. मुलांनी आपापल्या मोबाइलवर दर 15 केला आणि अख्खा तक्ता डोळ्यांदेखत बदलला. फळ्यावर आकडे पुसण्यातच माझा तास जायचा. नुसती भाषणं ऐकवणारी प्रशिक्षणं बंद करा. आठवड्याला दोन तास कॉलेजातच द्या, ज्याच्या त्याच्या विषयावर.

खानापूरचा मास्तर:
बंद कशाला करायची ओ मॅडम? तुमच्या शेजारी संगणकशास्त्राचं माणूस आहे. आमच्याकडं एका विषयाला एकच शिक्षक, तो विचारणार कुणाला? 2017 ला स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं म्हणून मला दुसऱ्या विद्यापीठातला माणूस माझा विषय कसा शिकवतो ते घरबसल्या बघायला मिळालं. मालवीय मिशनचे, म्हणजे कॉलेज शिक्षकांच्या सरकारी प्रशिक्षणाचे, वर्गही ऑनलाइन आहेत म्हणूनच मला जमतात, नाहीतर रजा काढून लांब जाऊन राहायचं. आणि मोबाइलवर तक्ता म्हणता, तर जांबोटी-कणकुंबीच्या पोरांना पावसाळ्यात रेंज कुठं असते?

वाणिज्यवाली, बेळगाव:
रेंजचं खरं आहे. पण रेंज नसताना शिकवणं हेही शिकायचंच कौशल्य आहे, आणि सहापैकी एकाही प्रशिक्षणात ते नव्हतं. पाऊण तासाचा व्हिडिओ पाठवण्याऐवजी दहा मिनिटं नुसता आवाज ध्वनिमुद्रित केला, तर हलक्या दर्जात दोन-अडीच एमबीत बसतो. पोरगं बस स्टँडवर उतरवून घेतं, घरी जाऊन ऐकतं.

निवृत्त प्राध्यापक, चिक्कोडी:
मला दोघांचंही पटत नाही. घसारा म्हणजे काय हे कळायच्या आधीच तक्ता बदलला, तर पोरगं बटण दाबायला शिकलं, हिशेब नाही. 8,100 कुठून आले ते त्यानं एकदा तरी हातानं काढलं पाहिजे. आणि आपल्या भागातली खरी अडचण भाषेची. मुलगी मराठी शाळेतून येते, पुस्तक इंग्रजी, शेजारच्या बाकावरची कन्नडमध्ये सवकळी म्हणते. डिप्रिसिएशन, घसारा आणि सवकळी एकच, हे सांगायला शिक्षकच लागतो.

वाणिज्यवाली, बेळगाव:
सर, हातानं काढण्याबद्दल मान्य. घसाऱ्याची पहिली तीन वर्षं वहीत, मग पुढची मोबाइलवर, असं आता करीन. भाषेबद्दल मात्र तुम्ही माझीच बाजू मांडलीत. हे तिन्ही शब्द सांगून मी आवाजाची फाइल केली. एका मुलीनं ती आईला ऐकवली. आई शिलाई मशीन घेऊन काम करते, तिला घसारा लगेच कळला.

अतिथी व्याख्याता, निपाणी:
सगळं वाचलं. आमच्या कॉलेजात निम्म्याहून जास्त तास आम्ही अतिथी व्याख्याते, म्हणजे कायम नसलेले शिक्षक, घेतो. आम्हाला पदोन्नतीची फाइलच नाही, म्हणून प्रशिक्षणाला नावं पाठवताना आम्हाला कुणी विचारत नाही. मला शिकायचंय, मनापासून शिकायचंय. लॅपटॉप हप्त्यावर घेतलाय, धडे त्याच्यावरच बनवतो. पण मॅडम, तुमचे ते आठवड्याचे दोन तास आमच्या कामाच्या तासांत धरणार की फुकट?

खानापूरचा मास्तर:
धरलेच पाहिजेत. नाहीतर शिकणार तेच, ज्यांना आधीच येतंय.

वाणिज्यवाली, बेळगाव:
दादा, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. सोमवारी प्राचार्यांना अर्ज देते, त्यात पहिली मागणी हीच घालते. तुमच्याकडं किती जण आहेत, विषयासकट कळवा.

अतिथी व्याख्याता, निपाणी:
अकरा जण. विषय रात्री लिहून पाठवतो.