दहावी-बारावीनंतर गाव सोडताना : कोकणातील विद्यार्थ्यांचे, पालकांचे आणि शिक्षकांचे अनुभव

दरवर्षी निकाल लागला की कोकण विभागाचे नाव राज्यात पहिले येते. 2025 मध्ये आपल्या विभागाचा दहावीचा निकाल 98.82 टक्के आणि बारावीचा 96.74 टक्के लागला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचे हे मंडळ आहे. गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी बावीस वर्षे शिकवत असल्यामुळे या आकड्यांचा मला आनंद होतोच; परंतु पेढे वाटून झाल्यानंतर, जूनपासून दिवाळीपर्यंतच्या काळात आमच्या मुलांचे नेमके काय होते, हे मला बहुधा पुढल्या शिमग्यात पालखीच्या वेळी एखाद्या पालकाची गाठ पडल्यावरच कळते. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून हा धागा. कोणती शाखा चांगली, यावरचा वाद येथे नको. प्रवेश घेतल्यापासून पहिल्या सहामाहीपर्यंत तुमचे प्रत्यक्षात काय अडले आणि ते आधी कळले असते तर तुम्ही काय केले असते, एवढेच सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

आरंभ माझ्याच चुकीपासून करतो. 2025 पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले आणि अर्जात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम देण्याची सोय आली. माझ्या एका विद्यार्थ्याला मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या नामांकित महाविद्यालयाचे नाव पहिल्या क्रमांकावर घालायला सांगितले. ते त्याला मिळालेही. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, अन्यथा पुढील नियमित फेऱ्यांमध्ये भाग घेता येत नाही. त्याच्या वडिलांची खोली भाड्याने घेऊन देण्याची ऐपत नव्हती आणि रोज जाऊन येण्याजोगी गाडी नव्हती. या दोन्ही गोष्टी मी त्याला विचारल्याच नव्हत्या. मुलाने प्रवेश सोडला आणि उरलेल्या जागांची फेरी येईपर्यंत महिना वाया गेला. आता अर्ज भरताना मी आधी एसटीचे वेळापत्रक समोर ठेवतो.

राजापूर तालुका, विज्ञान शाखा, सध्या पदवीच्या तिसऱ्या वर्षात

माझी शाळा पूर्ण मराठी माध्यमाची होती आणि सेमी-इंग्रजीचा वर्ग आमच्याकडे नव्हता. दहावीला विज्ञानात मला शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण होते, त्यामुळे अकरावीत भौतिकशास्त्राच्या पहिल्या तासाला मी उत्साहाने पहिल्या बाकावर बसले. तासभर सर ‘ॲक्सिलरेशन’ आणि ‘मोमेंटम’ या दोन शब्दांभोवती बोलत होते आणि मला त्यातले काहीही कळले नाही. आठवड्याभरानंतर लक्षात आले की ही त्वरण आणि संवेग यांचीच गोष्ट होती, आणि त्यांची उदाहरणे मी दहावीत झोपेतसुद्धा सोडवली असती. मला येत असलेली गोष्ट मला येत नाही, असे समजून मी तोवर तिसऱ्या बाकावर आणि नंतर शेवटच्या बाकावर जाऊन पोहोचले होते.

त्या दिवसांत सर जे बोलत ते मी देवनागरीत उतरवून घेत असे. त्याची मला लाज वाटे, म्हणून वही कोणाला दाखवत नसे. पुढे प्रयोगशाळेतील मदतनीस काकांनी ती वही पाहिली आणि हसण्याऐवजी सांगितले की उजवीकडचे पान कोरे ठेव, घरी गेल्यावर त्याच ओळी इंग्रजी स्पेलिंगने तेथे लिही आणि खाली शाळेतला मराठी शब्द लिही. हे काम रोज अर्धा तास चाले. दिवाळीपर्यंत डावे पान आपोआप बंद झाले.

ज्यांना विज्ञान शाखेत जायचे आहे त्यांनी हे मे महिन्यातच करावे, असे मला वाटते. अकरावीची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. धडे समजून घेण्याची घाई नको. दहावीच्या मराठी पुस्तकातील संज्ञा एका बाजूला आणि अकरावीच्या पुस्तकातील संज्ञा दुसऱ्या बाजूला मांडाव्यात. जडत्व म्हणजे इनर्शिया, पेशी म्हणजे सेल, प्रकाशसंश्लेषण म्हणजे फोटोसिन्थेसिस. एवढी ओळख झाली की तासाला माणूस हरवत नाही. इंग्रजी संभाषणाच्या महागड्या वर्गाला पैसे घालवण्याचे कारण नाही. अकरावीत अडते ते बोलण्यापाशी नव्हे, संज्ञांपाशी.

संगमेश्वर तालुका; वाणिज्य शाखा, दोन वर्षे एसटीने ये-जा

गुरुजींनी वेळापत्रकाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आमच्या वाडीवर रात्री वस्तीची गाडी येते आणि पहाटे तीच परत जाते. ती चुकली की दिवस गेला. विद्यार्थ्यांना मासिक पासात 66.67 टक्के सवलत असल्यामुळे खर्चाची अडचण आली नाही, परंतु वेळेची आली. शेवटचा तास संपून स्टँडवर पोहोचेपर्यंत परतीची गाडी सुटलेली असे आणि पुढची संध्याकाळी सात वाजता. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा पऱ्याला (ओढ्याला) पाणी चढले की तीही बंद.

मी शेवटचा तास बुडवू लागलो. कोणी विचारले नाही, म्हणून चालते आहे असे मला वाटले. डिसेंबरात नोटीस लागली तेव्हा 75 टक्के उपस्थितीच्या अटीत न बसणाऱ्यांच्या यादीत माझे नाव होते. शाळेत दोन दिवस गैरहजर राहिलो तर गुरुजी घरी निरोप पाठवत. येथे कोणी काही बोलत नाही, आणि हा फरक मला त्या यादीने शिकवला. प्राचार्यांसमोर वडिलांना घेऊन उभा राहिलो. त्यांनी एकच विचारले, ‘हे जूनमध्ये लेखी का दिले नाही?’

पुढच्या वर्षी आम्ही तीन गावांतील अकरा मुलांनी जूनमध्येच अर्ज केला, सोबत ग्रामपंचायतीचे ठराव जोडले आणि आगार व्यवस्थापकांकडे परतीच्या गाडीची वेळ पंचवीस मिनिटांनी पुढे नेण्याची मागणी केली. तीन खेपा घालाव्या लागल्या. वेळ बदलली. एकट्याने गेलो असतो तर बदलली नसती, हेही खरे.

कुडाळ, कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयातील कर्मचारी

खिडकीच्या आतल्या बाजूने लिहिते आहे. जुलैमध्ये आमच्या खिडकीसमोर रडणारी मुले गुणांमुळे रडत नाहीत, कागदांमुळे रडतात.

पहिली गोष्ट, शाळा सोडल्याचा दाखला हातात घेतल्यावर तो तेथेच उभे राहून वाचावा. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जातीचा उल्लेख आणि स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून पाहावे. आपल्याकडे एका ठिकाणी आडनाव आणि दुसऱ्या ठिकाणी गावावरून पडलेले नाव, असा घोळ वारंवार असतो. शाळेत असताना ही दुरुस्ती तुलनेने सोपी असते, दाखला बाहेर पडल्यावर ती फार अवघड होते. मूळ दाखला महाविद्यालयात जमा होतो, म्हणून त्याच्या साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट जात वैधता प्रमाणपत्राची. बारावीनंतर अभियांत्रिकी, वैद्यकीय, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर ते लागते आणि ते पंधरा दिवसांत मिळण्यासारखे नसते. त्यासाठी जुना पुरावा द्यावा लागतो : अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. आजोबांच्या शाळेतील प्रवेश नोंदवहीचा उतारा किंवा तहसील कार्यालयातील जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी यांचा शोध अकरावीच्या पहिल्या सहामाहीतच सुरू करावा. आजोबा मुंबईत गिरणीत होते आणि तेथील महापालिकेच्या शाळेत शिकले, असे निघाले तर महिने जातात. नॉन-क्रिमीलेयर (कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचा) दाखला आणि उत्पन्नाचा दाखला यांची मुदत संपते. त्यांवरची तारीख पाहण्याची सवय ठेवावी.

तिसरी गोष्ट मुलींच्या पालकांसाठी. 2024-25 पासून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘मुलीला एवढा खर्च कशाला’ असे म्हणून अर्जच न भरणारे पालक मी अजूनही पाहते, तेव्हा मला राग येतो. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतात, म्हणून खाते मुलांच्या स्वतःच्या नावावर मे महिन्यातच उघडावे.

चिपळूण, दहावी 2021

वरच्या ताईंच्या मजकुरात माझी भर. आमचा दहावीचा निकाल 16 जुलै 2021 रोजी लागला, तोही परीक्षा न होता. सहाव्या दिवशी, 22 जुलैला, वाशिष्ठी नदीचे पाणी आमच्या घरात माळ्यापर्यंत चढले. आईने माणसे आणि देव वर नेले. कागदांची ट्रंक खाली राहिली. शिधापत्रिका, जातीचे दाखले आणि आजोबांच्या शाळेचा जुना उतारा, सगळ्याचा एक लगदा झाला. आधार कार्ड पुन्हा निघाले, गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळाली, आजोबांचा उतारा मात्र त्या शाळेच्या नोंदवहीवरून पुन्हा मिळवायला दीड वर्ष लागले. प्रत्येक कागद मोबाइलवर स्कॅन करून दुसऱ्या गावातील एखाद्या नातेवाइकालाही पाठवून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीवर विसंबू नका.

हर्णे, मत्स्यविज्ञान पदवीधर

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो. घरी दोन पिढ्या होडीवर, त्यामुळे मासळीचे मला कोण शिकवणार, अशी माझी गुर्मी होती. पहिल्याच प्रात्यक्षिकात बांगड्याचे शास्त्रीय नावाने ‘रास्ट्रेलिगर कनागुर्ता’ झाले आणि विदर्भातून आलेली, समुद्र प्रथमच पाहणारी मुलगी माझ्यापेक्षा चांगले उत्तर देऊन गेली. ‘हा आपल्या घरचाच विषय’ म्हणून शाखा निवडणाऱ्यांनी घरच्या ज्ञानावर सूट मिळेल असे धरू नये. ते ज्ञान उपयोगी पडते, पण तिसऱ्या वर्षी.

वेंगुर्ले, पदवीसाठी मुंबईला गेलेला

बारावीनंतर मी डोंबिवलीला काकांकडे राहिलो. एका खोलीत सहा माणसे होती. काका-काकूंनी कधी शब्दाने दुखवले नाही, पण दिवा मालवण्याची वेळ माझ्या अभ्यासावर ठरत नव्हती, आणि तशी ती ठरावी हेही योग्य नव्हते. घरून महिन्याला किती द्यायचे हे वडील आणि काका यांच्यात कोणी बोललेच नाही. भाताची गोण आणि आंब्याची पेटी यांवर सगळे चालले होते, आणि अवघडलेपण मात्र माझ्या वाट्याला आले. ज्यांना चाकरमानी नातेवाइकांकडे राहायचे आहे त्यांनी पैशाचे मोठ्यांकरवी आधी स्पष्ट ठरवून घ्यावे आणि पहिल्याच आठवड्यात जवळची अभ्यासिका शोधावी. माझी दोन सत्रे ती सापडेपर्यंत गेली आणि दोन विषयांत केटी लागली, म्हणजे नापास होऊन ते विषय पुन्हा द्यावे लागले.

गणपतीला येणार असाल तर रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, तो दिवस लक्षात ठेवा. पाचव्या दिवशी परतीच्या गाडीत उभ्याने केलेला प्रवास आणि दुसऱ्या दिवशीची चाचणी परीक्षा ही जोडी मी दोनदा अनुभवली.

रत्नागिरी; पदवी महाविद्यालयातील प्राध्यापक

थोडक्यात लिहितो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रत्येक सत्राला 22 श्रेयांक (क्रेडिट) असतात. तीन वर्षांत 132 आणि ऑनर्ससाठी चौथे वर्ष केले तर 176. त्यात मुख्य विषयाबरोबर गौण विषय आणि इतर अनेक गट निवडायचे असतात, आणि पहिल्या वर्षाची मुले ही निवड मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या अर्जावर नजर टाकून करतात. माझ्याकडे अर्थशास्त्र घेतलेल्या एका मुलाने वर्षअखेरीस मला सांगितले की त्याला भूगोल हवा होता, पण रांगेत पुढे असलेल्याने अर्थशास्त्र लिहिले होते. विषय शिकवणाऱ्याला जाऊन दोन प्रश्न विचारा. आम्ही चावत नाही. फक्त तासानंतर यावे, तासाच्या मध्ये नको.

खेड तालुका, एका मुलाची आई

मी शिकलेली सातवीपर्यंत. मुलाला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला आणि तो खोली घेऊन राहिला. रोज रात्री मी फोन करून ‘जेवलास का?’ विचारत असे आणि तो ‘हो’ म्हणत असे. श्रावणात तो घरी आला तेव्हा त्याचे कपडे अंगावर लोंबत होते. खानावळीचे पैसे त्याने पहिल्या महिन्यानंतर भरलेच नव्हते, कारण चित्रकलेचे साहित्य घ्यायला ते खर्च झाले आणि आमच्याकडे पुन्हा मागायची त्याला लाज वाटली. वडापाव आणि बिस्किटांवर त्याने दीड महिना काढला. त्याच्यावर ओरडले नाही, पण त्याच्या वडिलांनी त्याच्यासमोर बसून साहित्य, भाडे, जेवण आणि गाडीभाडे असा कागद मांडला आणि पहिल्यांदा आम्हाला कळले की आम्ही जेवणापुरतेच पैसे पाठवत होतो. हा कागद जूनमध्ये मांडायला हवा होता. आता मी ‘जेवलास का?’ न विचारता ‘आज काय होते?’ असे विचारते. त्याला खोटे उत्तर सुचायला वेळ लागतो.

धाकटी यंदा बारावी झाली. तिला मी मे महिन्यातच कुकर लावायला, बँकेची स्लिप भरायला आणि कुळथाची पिठी करायला शिकवले. पहिल्या दिवशी पिठीत इतक्या गुठळ्या झाल्या की तिच्या वडिलांनी ती भातावर न घेता चमच्याने खाल्ली. तिसऱ्या खेपेला जमली.