सूज दुखत नाही, हीच तर अडचण

मधुमेह असलेल्या माणसाचं एक पाऊल सुजलंय पण दुखत नाही, या प्रश्नावर वर कुणीतरी लिहिलंय, 'दुखत नाही ना, मग मुरगळलं असेल, तलावपाळीच्या फेऱ्या चालू ठेवा.' साफ चुकीचं. जुना मधुमेह, बधिर तळवे आणि एकच पाऊल लाल, गरम, सुजलेलं असेल तर आधी शार्को फूटची (नसा बधिर झालेल्या पावलातली हाडं-सांधे ढासळण्याचा आजार) शंका घ्यायची. हाडं मोडत असतात, पण ठणका लागत नाही. माणूस चालत राहतो, पावलाची कमान खचते आणि तळव्याला आलेल्या उंचवट्यावर जखम होते.

सूज कशाची यावर युरिक ॲसिड, सेल्युलायटिस (त्वचेचा जंतुसंसर्ग) सगळं इथे बोलून झालं, तपासायचं कसं ते राहिलं. इन्फ्रारेड थर्मामीटर सरफेस मोडवर (पृष्ठभागाचं तापमान दाखवणाऱ्या) ठेवून दोन्ही पावलांवर त्याच जागी धरा. २ अंश सेल्सिअस किंवा जास्त फरक म्हणजे इशारा. आडवं झोपवून पाय ५-१० मिनिटं उंच ठेवल्यावर लाली उतरली तर कल शार्कोकडे, तशीच राहिली तर जंतुसंसर्गाकडे. (जखम किंवा ताप असेल तर हे करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.) सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा एमआरआयचं विचारा. निदान होईपर्यंत त्या पायावर भार नाही, बाथरूमपर्यंतसुद्धा. उपचार म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पावलाला-पोटरीला सगळीकडून चिकटून बसणारं प्लास्टर), तेही काही महिने. सूज उतरली की कास्ट सैल होऊन घासतं, म्हणून पहिलं दोन-तीन दिवसांतच बदलतात. क्रेप बँडेज गुंडाळून ठाणे स्टेशनचे जिने चढणं हा उपचार नव्हे.