मदत हवी आहे : ग्रोथ हॉर्मोन चालू, तरी चार महिन्यांत जेमतेम दीड सेंटिमीटर

छावणी_इंदूर
मुलगा ८ वर्षांचा, उंची १०९ सेंमी, वजन १८ किलो. क्लोनिडिन आणि ग्लुकागॉन या दोन्ही चाचण्यांत (औषध देऊन शरीर किती ग्रोथ हॉर्मोन सोडतं ते बघतात) हॉर्मोन ५ नॅनोग्रॅमच्या वर गेलं नाही, म्हणजे कमतरता. एमआरआय ठीक, थायरॉईड सुरुवातीला नॉर्मल. डॉक्टरांनी रोज रात्री ०.५ मिग्रॅ लिहून दिलंय. इंजेक्शनच्या पेनवर ०.५ लावून मांडीत देतो, एकही दिवस चुकलेला नाही. पेनमधली औषधाची नळी, म्हणजे कार्ट्रिज, ३० आययूची (इंटरनॅशनल युनिट, औषध मोजायचं एकक). उघडल्यापासून २८ दिवसांनी बदलायची असते, तेव्हा अर्ध्याहून जास्त औषध फेकावं लागतं. डोस कमी पडतोय की कंपनी बदलावी? मे महिन्यात गाडीने पुण्याला जायचंय, तेव्हा औषध कसं न्यायचं?

काटा_आणि_मोजपट्टी
ताई, कंपनीचं नंतर बघू. ‘अर्ध्याहून जास्त फेकावं लागतं’, गोम इथे आहे.

१ मिग्रॅ म्हणजे ३ आययू. तुमची कार्ट्रिज १० मिग्रॅची झाली. रोज ०.५ मिग्रॅ गेलं तर ती विसाव्या दिवशी संपते, पेन तपासताना उडणारे थेंब धरले तर थोडी आधीच. २८ दिवसांनी अर्धी उरायलाच नको. काही पेनांवर आकडे मिग्रॅमध्ये असतात, काहींवर आययूमध्ये. पेनच्या खिडकीशेजारी काय लिहिलंय? आययू असेल तर ०.५ मिग्रॅसाठी १.५ लावायला हवं. सध्या एक तृतीयांशच डोस जातोय.

डॉक्टरांचा हिशोब बरोबरच आहे. हॉर्मोनच्या कमतरतेत साधारण किलोमागे रोज ०.०२५ ते ०.०३५ मिग्रॅ देतात. १८ किलोला ०.५ त्यात बसतं.

छावणी_इंदूर
आययूच लिहिलंय! आजपासून १.५ लावू का?

काटा_आणि_मोजपट्टी
आधी डॉक्टरांना फोन. पेन, कार्ट्रिजचा खोका आणि चिठ्ठी, तिन्हींचे फोटो पाठवा. ते थेट १.५ सांगतील किंवा टप्प्याटप्प्याने वाढवतील. पुढच्या चिठ्ठीवर मिग्रॅ आणि आययू दोन्ही लिहून मागा. डोस वाढल्यावर सतत डोकं दुखणं, उलट्या, धूसर दिसणं, किंवा लंगडणं, खुबा अथवा गुडघा दुखणं यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा.

गव्हाळ
डोसचा घोळ सापडला म्हणून बाकीचं सोडू नका. हॉर्मोन सुरू झाल्यावर दबलेली थायरॉईडची कमतरता वर येऊ शकते, आणि मग उंची अडते. नुसतं टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हॉर्मोन) फसवतं, सोबत फ्री टी४ (रक्तातलं थायरॉईडचं हॉर्मोन) करा. सीलिएकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी (एकूण आयजीए-सकट) झाली नसेल तर विचारा. माळव्यात तिन्ही त्रिकाळ गहू, आणि सीलिएकच्या काही मुलांत उंची खुंटण्यापलीकडे दुसरं लक्षणच नसतं. आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनचा परिणाम दाखवणारी रक्ततपासणी) मात्र नवा डोस काही आठवडे गेल्यावरच, आत्ता केलंत तर कमीच येणार.

आणि मोजणी. सकाळी आणि संध्याकाळी मोजलेल्या उंचीत सेंटिमीटरभर फरक सहज पडतो. वेळ तीच, माप तेच, टाचा भिंतीला, तीन आकड्यांची सरासरी. योग्य डोसवर पहिल्या वर्षी ८ ते १० सेंमी वाढ अपेक्षित असते, पण निवाडा सहा महिन्यांच्या आधी करू नये.

सुई_४_मिमी
‘मांडीत देतो’ म्हणजे रोज एकाच जागी? तिथली चरबी झिजून खड्डा पडतो किंवा गाठ येते, औषध नीट शोषलं जात नाही. दोन्ही मांड्या, पोट, कुल्ले असं फिरवा, आदल्या जागेपासून दोन बोटं लांब. सुई रोज नवी. टोचण्याआधी टोकाला थेंब दिसला पाहिजे. बटण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढा, नाहीतर औषध त्वचेवर ओघळतं. सुई लावूनच पेन ठेवलं की आत हवा शिरते, म्हणून ती काढूनच फ्रिजमध्ये.

पेन २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात. दारात नको आणि फ्रीझरखालच्या कप्प्यात तर नकोच. गोठलेलं औषध वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी बाद. दवाबाजारातून आणतानाही बर्फाच्या डब्यातूनच घ्या.

पुण्याच्या प्रवासात लोक बर्फाचा पॅक थेट पेनला टेकवतात आणि औषध गोठवून बसतात. पॅक टॉवेलात गुंडाळा, मध्ये पुठ्ठा, डबा थर्माकोलचा, जवळ एक थर्मामीटर. डबा बर्थखाली नको, उशाशी ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या, आणि सुया दोन जास्त घ्या.