पणजीचं माहेरचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही

रानजाई:
आजी चैत्रात गेली. तिच्या निमित्ताने आम्ही बहिणी घरातल्या बायकांचं लिहून काढायला बसलो, तर पुरुषांची सात पिढ्यांची वंशावळ तयार आणि पणजीचं फक्त सासरचं नाव, लग्नात ताटातल्या तांदळावर लिहून बदललेलं. माहेर कुठलं तेही माहीत नाही. त्यात काका म्हणाले की ती विधवा होऊन गेली म्हणून अविधवा नवमीला तिचं नाव घ्यायचं नाही, ते फार लागलं मनाला. तुमच्याकडे अशा बायकांचं काय करतात?

शुभदा_क:
नवमी सवाष्ण गेलेल्यांची हे खरं, पण म्हणून पणजी वगळली जात नाही हो! तिची तिथी असते, ती माहीत नसेल तर सर्वपित्री. आणि पितृपक्षात माता, पितामही, प्रपितामही असा उच्चार असतोच, आईकडच्या आज्यांचाही. गुरुजींना आधी सांगून ठेवा.

मु_पो_सातारा:
तहसीलला कोतवाल बुक बघा, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. जुनी पानं मोडी लिपीत असतात, २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी लोकांनी बरीच धुंडाळलीत. मुलीच्या जन्माला बरेचदा नावच नसतं, नुसतं बापाचं नाव आणि पुढे 'मुलगी', वाचताना पोटात तुटतं. जमीन असेल तर पणजोबा गेल्यावरचा वारसाचा फेरफार काढा, त्यात पणजी सापडू शकेल.

जात्यावरची:
कागदाआधी घरातल्या म्हाताऱ्या आत्या-मावश्या गाठा. थेट नाव विचारलं की त्या "आता काय आठवतंय" म्हणतात, त्यापेक्षा दिवाळीला पणजीचा मुराळी, म्हणजे तिला माहेरी न्यायला येणारा, कुठून यायचा, पहिलं बाळंतपण कुठे झालं, असं विचारा, मग गावं निघतात, भावांची नावं निघतात. कुणाला ओव्या येत असतील तर लगेच रेकॉर्ड करा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या, पारी (PARI, ग्रामीण भारताचा ऑनलाइन संग्रह) या साइटवर गाणारीचं नाव, गाव सगळं दिलंय, आईवरच्या ओव्या ऐका एकदा. मला त्या ऐकून माझ्या आजीसाठी पहिल्यांदा मोकळं रडता आलं.

रानजाई:
धाकट्या आत्याला आत्ताच फोन केला. मुराळी वाईकडून बैलगाडीने यायचा म्हणाली, गावाचं नाव नाही आठवत तिला. रविवारी तिच्याकडे जाऊन बसतोय आम्ही सगळ्या. वाई भागातलं, मोडी वाचणारं इथे कुणी आहे का?