वेबपानातल्या टेबलाच्या रेघा: “क्रोममध्ये दिसलं की झालं” म्हणणाऱ्यांसाठी

अनगोळकर
काल इथं, आपल्या बेळगावच्या वेबवाल्यांच्या ग्रुपवर, एका गृहस्थांनी लिहिलं, “टेबलाच्या बॉर्डर सगळ्या ब्राउझरांत सारख्या दिसाव्यात म्हणून डोकं फोडणारे लोक रिकामटेकडे. क्रोममध्ये नीट दिसलं की बिल लावायचं आणि मोकळं व्हायचं.” खाली अंगठ्यांची ही रांग. रात्री ते डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी चहा व्हायच्या आत बसलोय.

गेल्या वर्षी एका सोसायटीचं काम घेतलं. वार्षिक सभेसाठी सभासदांची यादी, शेअर्स, डिव्हिडंड, सगळं पानावरूनच छापायचं. आधीच्या माणसानं केलेलं टेबल क्रोममध्ये झक्क दिसत होतं, म्हणून मी हात लावला नाही. सभेच्या आदल्या संध्याकाळी प्रिंट काढली तर एकही रेघ नाही. आकडे कोऱ्या कागदावर मुंग्या पांगाव्या तसे.

रेघा मुळात रेघा नव्हत्याच. टेबलाला काळी पार्श्वभूमी, सेलना (आतल्या चौकोनांना) पांढरी, सेलस्पेसिंग, म्हणजे दोन सेलांमधली फट, १. फटीतून मागचं काळं दिसायचं, ती म्हणे बॉर्डर! छापताना ब्राउझर पार्श्वभूमीचे रंग आपणहून गाळतो, आपण ‘छाप’ म्हणून खूण केल्याशिवाय. ती खूण कुठं असते हे ऑफिसात कुणाला ठाऊक नाही आणि घाईत मलाही सुचलं नाही. सेक्रेटरी फूटपट्टी आणि बॉलपेन घेऊन बसले, मी शेजारी. रात्री अकराला पेनाची कांडी संपली.

तेव्हापासून ब्राउझरच्या मर्जीवर काही सोडत नाही. नुसतं बॉर्डर १ लिहिलंत तर टेबलाला आउटसेट (वर उठलेली रेघ), सेलना इनसेट (आत दबलेली) आणि मध्ये २ पिक्सेलची फट मिळते, आणि त्या उठावाच्या छटा जो तो ब्राउझर आपल्या परीनं काढतो. मी बॉर्डर सेपरेट ठेवतो, म्हणजे ज्याची रेघ त्याची, आणि बॉर्डर-स्पेसिंग, म्हणजे मधली फट, ०. टेबलाला वरची आणि डावी रेघ, प्रत्येक सेलला उजवी आणि खालची. सॉलिड, रंग स्वतः लिहिलेला. विषय संपला.

खडेबाजार
विषय कुठला संपायला. प्रिंट आदल्या संध्याकाळपर्यंत बघितली नाहीत, ही चूक तुमची. बॉर्डरला का झोडपायलाय? कोलॅप्स (शेजारच्या रेघांची एकच रेघ) लिहा, सेलला १ पिक्सेल सॉलिड द्या, दोन ओळींत काम. स्पेसिंगची कसरत जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या जमान्यातली. आठवी आवृत्ती २००९ ला आली, त्याआधी त्याला बॉर्डर-स्पेसिंग कळतच नव्हतं, रिकाम्या सेलची रेघ तो गिळायचा, म्हणून आपण प्रत्येक सेलात एनबीएसपी, म्हणजे न दिसणारी मोकळी जागा, कोंबायचो. जून २०२२ ला त्याचं तेरावंसुद्धा झालं. तुम्ही अजून सुतक पाळायलाय.

अनगोळकर
कोलॅप्समध्ये शेजारच्या दोन सेलांची एकच रेघ होते आणि ती कुणाची यावर भांडण लागतं. एखादी रेघ हिडन (लपवलेली) असेल तर ती सगळ्यांवर. मग जाड रेघ जिंकते. जाडी सारखी असेल तर डबल, मग सॉलिड, मग डॅश, मग डॉट. तेही सारखं निघालं तर सेल ओळीला हरवतो, ओळ टेबलाला. हे पाठ असेल तर करा खुशाल कोलॅप्स. आणि मथळा वर चिकटवून यादी सरकवून बघा. मथळा जागेवर राहतो, त्याची खालची रेघ मजकुराबरोबर वाहून जाते.

खडेबाजार
स्टिकी मथळा सोसायटीच्या यादीला? हौस!

अनगोळकर
दोन हजार सभासद आहेत ओ. आठशेव्या नावाला कुठला आकडा शेअर्सचा आणि कुठला डिव्हिडंडचा, हे तुम्ही तोंडपाठ सांगणार काय?

खानापूरकर
दोघंही थोडे बरोबर. कोलॅप्समध्येच फायरफॉक्सनं माझ्या रेघा खाल्ल्या होत्या. सेलला पोझिशन रिलेटिव्ह आणि पार्श्वभूमीचा रंग दिला की रंग रेघेवर चढायचा. बॅकग्राउंड-क्लिपला पॅडिंग-बॉक्स दिलं, म्हणजे रंग रेघेच्या आतच थांबवला, परत आल्या. दोन दिवस गेले त्यात. त्या कामाचे पैसे अजून यायचेत, तो भाग वेगळा. खरं म्हणजे तोच भाग महत्त्वाचा, पण राहू दे.

गोकाकवाली
रेघ पिक्सेलभर सरकली तर माझं काही म्हणणं नाही. माझ्या ओळी सरकतात. पिग्मीच्या (रोजच्या बचतीच्या) दराचे दोन तक्ते शेजारी-शेजारी आहेत, एक मराठी, एक कन्नड. लाइन-हाइट (ओळीची उंची) नॉर्मल ठेवली की उंची फाँट ठरवतो. विंडोजवर निर्मला, फोनवर नोटो, कन्नड ओत्तक्षर (जोडाक्षराचा खालचा भाग) खाली लोंबतंय, मराठीची वेलांटी वर. पाचव्या ओळीपर्यंत दोन्ही तक्त्यांच्या आडव्या रेघा एकमेकींना ओळखत नाहीत. लाइन-हाइट आकड्यात बांधली, तेव्हा कुठं जुळल्या.

निपाणीकर
यात मराठी डावीकडे आहे का उजवीकडे?

गोकाकवाली
हा प्रश्न आलाच. कन्नड डावीकडे.

निपाणीकर
म्हणजे आपणच आपल्या हातानं मराठीला दुसरा पाट द्यायचा. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नडचा कायदा २०२४ ला झाला, आता तक्त्यातही आपण आपखुशीनं मागं सरायचं? रेघा जुळवत बसा, घर कुणाचं ते बघू नका.

गोकाकवाली
तुम्ही माझं घर बघितलंय? माहेर मराठी, सासर कन्नड, पोरगं दोन्हीकडं शिव्या खातं. पिग्मी भरायला येणारी बाई दर कन्नडमध्ये वाचते आणि हिशेब मराठीत घालते. तिला आकडा कुठल्या ओळीतला ते कळलं पाहिजे. तुमचा मोर्चा माझ्या लाइन-हाइटवरून नेऊ नका.

निपाणीकर
मोर्चा कुणी काढला नाही. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, आमच्या घरी काळी फीत बांधतात, वडिलांच्या आधीपासून. २०१४ ला त्याच तारखेला बेळगावचं सरकारी नाव बदललं, तेव्हा वडील दिवसभर जेवले नाहीत. तुम्हाला ते डावं-उजवं वाटतं, आम्हाला नाही.

खडेबाजार
अहो, एचटीएमएलच्या बॉर्डरबद्दल चाललंय! बेळगावात ‘बॉर्डर’ शब्द उच्चारायचीच चोरी झालीय.

कंपोझिटरचा नातू
आजोबा शहापुरातल्या छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांच्यापुढं दोन भाषांचा तक्ता आला की आधी दर दुप्पट, मग बाकीचं बोलणं. रेघेसाठी पितळी पट्ट्या कापून लावायच्या. आडवी-उभी भेटते त्या कोपऱ्यात केसभर फट राहायचीच. मग पट्टी कानशीनं घासायची, बसवून बघायची, परत घासायची. पहिला कागद उचलून ते उजेडाकडं धरायचे आणि आधी कोपरे बघायचे, मजकूर नंतर. तक्त्यात कन्नड कुठं, मराठी कुठं हे मालक ठरवायचा. कोपरे मात्र आजोबांचे.

निपाणीकर
आजोबांना नमस्कार. बाईंचा मुद्दा हिशेबापुरता मान्य. तेवढ्यापुरताच.

गोकाकवाली
मोठी मेहेरबानी. तिसरा तक्ता मराठी आधी ठेवून करते, तुमच्या पतसंस्थेकडून ऑर्डर आणा.

खडेबाजार
अनगोळकर, एक सांगायचंय, हसू नका. तुमचं वाचून माझ्या कोलॅप्सवाल्या टेबलाचा प्रिंट प्रिव्ह्यू काढला. मथळा निळा, त्यातल्या उभ्या रेघा पांढऱ्या. निळा रंग गेला, पांढऱ्या कागदावर पांढऱ्या रेघा. सात कॉलमांचा मथळा एका दमात वाचावा लागतोय. कोलॅप्सचा यात काडीचा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अनगोळकर
नाहीच की. सभा कधी आहे?

खडेबाजार
उद्या.

अनगोळकर
फूटपट्टी माझ्याकडे आहे. कांडी नवीन घ्या.