एमएफ डूमनं लोकांना फसवलं म्हणता? काकांच्या पोस्टला माझं उत्तर

इंदोरा_चौक:
काल धरमपेठकर काकांनी पोस्ट टाकली की एमएफ डूम हा अमेरिकेतला रॅपर म्हणजे लोखंडी मुखवटा घालून लोकांना उल्लू बनवणारा माणूस, कार्यक्रमाला स्वतःऐवजी दुसऱ्यालाच पाठवायचा, कधी मोठा झाला नाही, आणि असल्या अंडरग्राउंड लोकांच्या नादी लागून नागपूरचे पोट्टे कॉलेज सोडून माइक घेऊन बसून राहिले. खाली सगळ्यांनी हाव हाव केलं. मले भयंकर राग आला म्हणून लांब लिहून राहिलो.

काका, आधी मुखवटा कुठून आला ते तर पाहा. डूमचं खरं नाव डॅनियल डुमिले, जन्म १९७१ चा लंडनचा, वाढला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर. धाकटा भाऊ सबरॉक आणि हा मिळून केएमडी नावाचा ग्रुप. तेव्हा ह्याचं नाव झेव लव्ह एक्स, तोंड उघडं. १९९१ ले इलेक्ट्रासारख्या मोठ्या कंपनीनं पहिली रेकॉर्ड काढली. दुसरी बनून राहिली होती तेव्हाच, १९९३ ले, सबरॉक रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. ह्यानं एकट्यानं काम पुरं केलं, आणि कंपनीनं कव्हरच्या चित्रावरून वाद होईल म्हणून ती रेकॉर्डच दाबली आणि ग्रुपले बाहेर काढलं. चित्र काय होतं, तर काळ्या लोकांची टिंगल करणारं जे जुनं कार्टून असे, त्यालेच फासावर चढवलेलं. म्हणजे अपमान ज्यानं केला त्याले फाशी, आणि शिक्षा मिळाली चित्र काढणाऱ्याले!

भाऊ गेला, काम गेलं, मग कित्येक वर्षं माणूस गायब. १९९७-९८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका कवितेच्या कॅफेत परत उभा राहिला तो चेहऱ्यावर स्टॉकिंग ओढून. धातूचा मुखवटा नंतर आला, कॉमिकमधल्या डॉक्टर डूमवरून. १९९९ ले स्वतःची पहिली रेकॉर्ड, एका छोट्याशा लेबलवर. मोठ्या कंपनीनं ज्याले हाकललं त्यानं चेहराच विकायले ठेवला नाही, शब्द ठेवले. ह्याले तुम्ही नाटक म्हणता?

आणि मोठा झाला नाही म्हणता तर २००४ सालची मॅडव्हिलनी ही रेकॉर्ड ऐका, संगीत बनवणाऱ्या मॅडलिबसोबतची. बावीस तुकडे, बरेचसे दोन मिनिटांच्या आतबाहेर, धृपद जवळजवळ कुठंच नाही. एका ओळीत चार-चार ठिकाणी यमक जुळवते आणि तरी बोलल्यासारखं वाटते. कच्चं रेकॉर्डिंग चोरून आधीच नेटवर पसरलं होतं, तर ह्यानं तेच शब्द पुन्हा रेकॉर्ड केले, आवाज खाली आणून, संथ. दोन्ही मिळतात, लागोपाठ ऐका. कारागीर कसा विचार करते ते कळते.

साउंडवाले_भाऊ:
शब्दाचं राहू दे भाऊ, तिकिटाचं बोल. २००७ च्या आसपास अमेरिकेत ह्याच्या नावावर शो लागले, स्टेजवर मुखवटा घालून दुसराच माणूस, मागं रेकॉर्ड चालू आणि हा नुसते ओठ हलवून राहिला. पब्लिक ओळखते ना बे. मी माझ्या उमरीत सक्करदऱ्यापासून कामठीपर्यंत ऑर्केस्ट्रा, कव्वाली, गणपती सगळ्याले साउंड दिला. एकदा एका नामी गायकाच्या नावावर आयोजकानं गर्दी जमवली, गायक आलाच नाही, त्याचा कोणी चेला आणून उभा केला. लोकांनी खुर्च्या फोडल्या, माझा एक बॉक्स स्टेजवरून खाली पाडला, आणि आयोजक मागच्या गेटनं पसार. माझे पैसे आजपर्यंत आले नाही. भाऊ मेल्याचं दुःख मले समजते. पण पंधरा दिवसाच्या मजुरीचं तिकीट काढून आलेल्या पोराचं काय? त्यानं त्याचं काय बिघडवलं होतं?

इंदोरा_चौक:
भाऊ, त्याचं म्हणणं असं होतं की मी लेखक आणि दिग्दर्शक, पात्र कोणीही वठवावं. नाटकात नाही का एकाच पात्राले वेगवेगळे नट उभे राहत.

साउंडवाले_भाऊ:
नाटकाच्या पाटीवर नटाचं नाव लिहिलं असते. बदली नट असला तर आधी सांगतात, ज्याले नाही पाहायचं तो पैसे परत घेते. ह्यानं सांगितलं का? नाही ना. मग संपलं.

धरमपेठकर:
मी पोस्ट टाकली म्हणून मीच उत्तर देतो. तुम्ही त्या माणसाची दुःखं सांगितली, मला ठाऊक नव्हती, वाईट वाटलं. पण माझा मुद्दा त्याच्यासाठी नव्हताच, आपल्या मुलांसाठी होता. माझा पुतण्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, चांगले मार्क. आता दिवसभर खोलीत. गाणी टाकतो, शे-दीडशे लोक ऐकतात, सगळे त्याचेच मित्र. वहिनी माझ्याकडे येऊन रडतात. त्या डूमचं काय झालं शेवटी? २०१० मध्ये युरोपात शो करायला गेला आणि अमेरिकेनं परत घेतलाच नाही, कारण लहानपणापासून तिथं राहून नागरिकत्वाचे कागद केले नव्हते. बायकामुलं एकीकडे, हा एकीकडे. ज्या माणसाला स्वतःचे कागदपत्र सांभाळता आले नाहीत त्याचा आदर्श पोरांनी घ्यायचा?

तर्री_पोहे:
कागदपत्रावरून माणूस मोजायचा असेल तर काका अर्धं नागपूर फेल आहे. पण मले इंदोरावाल्यालेच विचारायचं आहे. तू म्हणतो शब्द ठेवले. बरं. मग तुमचे नागपूरचे रॅपर कायले मुंबईच्या हिंदीत लिहून राहिले? 'अपुन', 'बंटाय', सगळं तिकडून उचललेलं. इथं कोणी बंटाय म्हणते का बे? आपल्या घरी 'काहून', 'कायले', 'भैताड', 'पोट्टे' इतका माल पडला आहे आणि हे धारावीतून शब्द आणून राहिले. तो डूम कोणाची नक्कल करत होता सांग. कोणाचीच नाही. म्हणून टिकला.

इंदोरा_चौक:
सगळे नाही करत. अमरावतीच्या १००आरबीएच ह्या रॅपरले ऐकलं का? हसल ह्या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेच्या स्टेजवर जाऊन आला तरी आपला लहेजा सोडला नाही. आणि नागपूरची हिंदी पण आपलीच आहे, मोमिनपुऱ्यात, जरीपटक्यात, सदरमध्ये पिढ्यान् पिढ्या बोलतात. 'क्या कर रहा बे' हे मुंबईहून नाही आलं. तू काय ठरवणार कोणी कोणत्या भाषेत लिहायचं?

तर्री_पोहे:
मी ठरवत नाही, मी ऐकतो तेव्हा मले खोटं वाटते एवढंच सांगून राहिलो. ज्याची आजी वऱ्हाडीत शिव्या देते तो स्टेजवर गेला की अपुन होते. चेहरा लपवणं चालते मले, जीभ लपवणं नाही चालत.

हिंगणा_रोड_ताई:
तुमचं हिंदी-वऱ्हाडी पाहून मला बोलावंच लागतं. तुम्ही सगळे असं बोलून राहिले की नागपुरात बिनाकंपनीचं, बिनाटीव्हीचं गाणं हे पोट्टे पहिल्यांदाच करून राहिले. अरे दीक्षाभूमीवर दसऱ्याला कधी नीट फिरले का? १९५६ पासून लोक येतात तिथं. आमच्या लहानपणी स्टॉलवर भीमगीतांच्या कॅसेटींचे ढीग असत. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना त्यातले कितीतरी गायक ठाऊकही नव्हते, आणि आमच्या वस्तीत पोराबाळांना त्यांची गाणी तोंडपाठ. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरून गायले, २००४ मध्ये गेले. तुमचा मॅडव्हिलनीही २००४ चाच ना? त्यावर लेखामागून लेख आले, वामनदादांवर पेपरात किती आलं ते जाऊन पाहा.

माझे बाबा एमआयडीसीत फिटर होते. पाळीवरून आले की चहा व्हायच्या आधी टेप लागायचा. कॅसेटची पट्टी चाकाला गुंडाळली की पेन्सिल घालून फिरवून ठीक करायचे, तुटली तर सेलोटेपचा बारीक तुकडा लावायचे, तिथं गाणं क्षणभर अडखळायचं आणि आम्ही पोरं ते अडखळणं पण सुरात म्हणायचो. ह्या गाण्यांनी आम्हाला शाळेत पाठवलं. माझ्या घरात बाबासाहेब आधी गाण्यातून आले, पुस्तकातून नंतर. तेव्हा काका, गाणं पोरांना वाया घालवतं हे माझ्यासमोर बोलू नका.

धरमपेठकर:
ताई, भीमगीताला मी एक शब्द बोललो नाही. त्यात काही सांगणं आहे. ह्यात काय आहे? शिव्या, गाड्या आणि मी किती भारी.

हिंगणा_रोड_ताई:
तुम्ही किती ऐकलं? खरं सांगा.

धरमपेठकर:
पुतण्याच्या खोलीतून जे येतं ते.

तर्री_पोहे:
बंद दारातून? मग तर काका तुम्ही बोलायचंच नाही. ऐकायचं नाही, वाचायचं नाही आणि पोरांच्या जिंदगीचा फैसला करायचा, हेच चालत आलं आहे आपल्या घरात, माझ्या बापानं पण माझा तबला असाच बंद केला होता, दहावी आहे म्हणून. दहावी झाली, बारावी झाली, नोकरी लागली, तबला माळ्यावरच आहे.

धरमपेठकर:
नीट बोला. तुमच्या वडिलांचा राग माझ्यावर काढू नका. वहिनी विधवा आहेत, घरात कमावणारं कोणी नाही, मी हप्ते भरतो. तुम्हाला तबल्याची हळहळ आहे, मला त्या पोराच्या फीची आहे.

इंदोरा_चौक:
काका, हे आधी सांगितलं असतं तर मी एवढं तावातावानं लिहिलं नसतं. फीचा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून नाही लावत. पण त्या खोलीत काय चालते ते एकदा आत बसून पाहा. माझ्या मामेभावाची खोली सांगतो. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि कूलरचा आवाज माइकमध्ये येते म्हणून टेक घेताना कूलर बंद. खिडकीले गादी उभी लावलेली, माइकवर मोजा चढवलेला. घाम कोपरावरून वहीवर पडते, शाई पसरते, आणि एका शब्दावर श्वास तुटला म्हणून पोट्टं तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणते. मग दोन मिनिटं कूलर लावते, पुन्हा बंद. हे आळशी माणसाचं काम आहे का? ज्याच्यात इतकी चिकाटी आहे त्याले चौथं वर्ष पण जमते, फक्त दोन्हीपैकी एक सोड असं म्हणू नका. डूमले पण मुलं होती, त्यातला एक मुलगा, मलाकाय, चौदा वर्षांचा असताना २०१७ ले गेला. बाप होता तोही. घरच्यांचं ओझं त्याले माहीत नव्हतं असं नका समजू.

साउंडवाले_भाऊ:
मरणाचं पण लपवलंच ना. गेला ३१ ऑक्टोबर २०२० ले, बायकोनं जगाले सांगितलं ३१ डिसेंबरले.

हिंगणा_रोड_ताई:
ते घरचं दुःख आहे भाऊ, ते सांगायचं कधी हे बायकोनंच ठरवायचं. ब्लडप्रेशरच्या नव्या औषधाची रिअॅक्शन आली, लीड्सच्या दवाखान्यात गेला, हे चौकशीत २०२३ ला बाहेर आलं. त्याच वर्षी नवऱ्याच्या हातच्या वह्या परत मिळाव्यात म्हणून तिला कोर्टात जावं लागलं. तिकीट विकून लपवणं वेगळं, हे वेगळं. दोन्ही एकाच तराजूत नका घालू.

साउंडवाले_भाऊ:
हे मान्य. मरणाचं मी मागं घेतो. तिकिटाचं नाही घेत.

तर्री_पोहे:
मी ते दोन्ही रेकॉर्डिंग ऐकले, चोरीचं आणि पक्कं. पक्क्यात माणूस जणू ओट्यावर बसून सांगून राहिला. चांगलं आहे, नाइलाजानं म्हणतो. पण इंदोरा, तुझ्या मामेभावाले सांग, एक गाणं तरी आजीच्या बोलीत कर. मी हिंदीवाल्यालेही ऐकीन, पण आधी ते.

इंदोरा_चौक:
त्याची आजी भंडाऱ्याची आहे, वऱ्हाडी नाही, झाडीबोली येईल, चालते का? आणि साउंडवाले भाऊ, तिकिटाच्या बाबतीत मी पण डूमच्या बाजूनं नाही उभा राहत. सांगून पाठवायचा होता माणूस. पैसे परत द्यायचे होते. एवढं त्याच्या चाहत्यानं तरी म्हणलंच पाहिजे.

साउंडवाले_भाऊ:
आता बोलला. झाडीबोलीवालं गाणं झालं की सांग, रेशीमबागेकडे छोटा कार्यक्रम आहे, मोनो सिस्टिम देतो. भाडं आधी घेईन.

धरमपेठकर:
पुतण्याला रविवारी घरी बोलावलंय. वही घेऊन ये म्हटलं. फी भरायची शेवटची तारीख त्याच्या नंतर आहे, त्यामुळं बोलणं दोन्हीचं होईल. त्याला त्या सबरॉकचं माहीत आहे का, तेही विचारतो.