'बिग डेटा'मधल्या 'बिग'ला मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार:
संगणकशास्त्राच्या एका परिचय-पुस्तिकेचं मराठीकरण चालू आहे. वाचक अकरावी-बारावीचे. पहिल्याच पानावर अडलंय. मूळ वाक्याचा आशय असा की डेटा म्हणजे इन्फर्मेशन नव्हे. दोन्हीकडे 'माहिती' लिहिलं तर 'माहिती म्हणजे माहिती नव्हे' असं होऊन बसतं. म्हणून डेटासाठी 'विदा' घेतला. पण प्रकरणाचं नावच 'बिग डेटा' आहे. 'महाविदा' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी खोडून 'बृहद्विदा' केलं आणि समासात प्रश्नचिन्हही ठेवलं. कुठला शब्द घ्यावा?

दगडीपाटी:
दोन्ही नकोत. 'महा' काय आणि 'बृहत्' काय, आकाराच्या पुढे जात नाहीत. विश्लेषक डग लेनी यांनी २००१ साली बिग डेटाच्या तीन गोष्टी मांडल्या होत्या: व्हॉल्यूम, व्हेलॉसिटी आणि व्हरायटी. मराठीतही तिन्ही 'व'नेच येतात: व्याप, वेग, वैविध्य. आकार हा त्यातला एकच.

'बिग' कुठून सुरू होतं ते हिशेबानं दाखवा, मुलांना लगेच कळेल. हार्ड डिस्कवरून सेकंदाला १५० मेगाबाइट वाचले जातात असं धरा. १ टेराबाइट वाचायला ६,६६७ सेकंद लागतील, म्हणजे जवळजवळ एक तास एक्कावन्न मिनिटं. तेवढाच मजकूर १०० डिस्कांवर वाटून ठेवला आणि सगळ्या एकदम वाचल्या, तर ६७ सेकंद. एका यंत्रानं भागत नाही, काम वाटून द्यावं लागतं, तिथून 'बिग' सुरू होतं. हडूप या काम वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलचे १२८ मेगाबाइटचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर राहतात. १ टेराबाइटचे झाले सुमारे ८ हजार तुकडे आणि २४ हजार प्रती. एखादी डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही. मात्र फाइलच चुकून पुसली, तर तिन्ही प्रती जातात. तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, एवढं वाक्य पुस्तिकेत जरूर घाला. नवशिके हटकून तिथेच फसतात.

खळं:
'रास' का नको? 'विदारास' किंवा नुसतं 'नोंदींची रास'. खळ्यावरच्या राशीला लागणारी सगळी क्रियापदं मराठीत तयार आहेत आणि त्यांच्या अर्थांत फरकही नेमका आहे. चाळणं म्हणजे ठरलेल्या मापानं वेगळं काढणं: वय ० ते १२० च्या बाहेर असलेल्या नोंदी बाजूला काढणं. पाखडणं म्हणजे वजन नसलेलं उडवून लावणं: रिकाम्या ओळी, नुसते डॅश भरलेले रकाने. निवडणं म्हणजे एकेक खडा हातानं उचलणं: 'पुणे', 'पूणे' आणि 'पुणें' हे एकच गाव आहे हे माणसानं बघून ठरवणं. 'विदाशुद्धीकरण' या एका शब्दात ही तिन्ही कामं कोंबली, की मुलांना कुठलंच नीट कळत नाही.

निखर्व:
क्रियापदं उत्तम, पण रास एका जागी पडून असते. वेगाचं काय? ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात १,००० कोटींवर व्यवहार झाले. ३१ दिवसांचे सेकंद होतात २६,७८,४००. म्हणजे मध्यरात्र, पहाट सगळं धरून सेकंदाला सरासरी ३,७०० हून जास्त. याला 'ओघ' म्हणावं.

आणि टेरा, पेटा ही परकी उपपदं तरी कशाला? भास्कराचार्यांच्या संख्यानामांच्या यादीत एकावर बारा शून्यं म्हणजे महापद्म, पंधरा म्हणजे अंत्य, सतरा म्हणजे परार्ध. एक्झाबाइट म्हणजे दहा परार्ध बाइट, झेटाबाइट म्हणजे दहा हजार परार्ध.

दगडीपाटी:
निखर्व, यादी बरोबर आहे, पण वापरायला धोक्याची. आपल्या यादीत खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं, हिंदीतला खरब एकावर अकरा. मुलं दोन्ही ऐकतात. आधीच टेराबाइटचा गोंधळ कमी नाही: १ टेराबाइटची डिस्क लावली की विंडोजचा संगणक ९३१ गिगाबाइट दाखवतो. डिस्क बनवणारे हजारानं मोजतात, विंडोज १०२४ नं भागतं. १९९८ मध्ये त्यासाठी 'टेबी', 'गिबी' अशी वेगळी उपपदं ठरली, ती अजूनही फारशी कुणाच्या तोंडी नाहीत. त्यात महापद्म नको.

पाणवठा:
'बिग'वर एवढा खल चाललाय, पण 'विदा'च मुळात चुकलेला शब्द आहे. विद् म्हणजे जाणणं. संस्कृतात विदा म्हणजे ज्ञान. डेटा तर ज्ञानाच्या पुष्कळ अलीकडचा टप्पा. लॅटिनमध्ये 'डाटुम' म्हणजे 'दिलेलं', धातू आपल्या 'दा'चाच सख्खा. त्या हिशेबानं 'प्रदत्त' अचूक. शिवाय हिंदी कानाला विदा म्हणजे निरोप. आपली गवयाला द्यायची बिदागी त्याच निरोपाच्या घरातली.

खळं:
पाणवठा, व्युत्पत्ती पटली, पण 'प्रदत्त संपला' असं रिचार्ज करताना कोण म्हणेल? 'डेटा संपला' हे भाजीवाल्यापासून सगळे म्हणतात. 'विदा'ही आता लिहिण्यात रुळलाय, 'विदागार' त्यातूनच आलं. शब्द पन्नास जणांच्या हातून गेला की धातू बघत बसू नये.

पाणवठा:
रुळलं म्हणून बरोबर ठरत नाही. पाठ्यपुस्तकात एकदा चुकीचा धातू शिरला, की पुढच्या दहा संज्ञा त्याच्यावरच रचल्या जातात. आणि तुम्ही सगळे 'विदा मिळाला' लिहिता. संस्कृत विदा स्त्रीलिंगी आहे. 'विदा मिळाली' हवं.

निखर्व:
अनुस्वार यांचा पहिला प्रश्न डेटा आणि माहिती यांतल्या फरकाचा होता. त्याला उदाहरण देतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला, तर एका वाहिनीवर सेकंदाला ८० कोटी नमुने येतात. प्रत्येक तबकडीच्या दोन ध्रुवणांच्या, म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दोन दिशांच्या, दोन वाहिन्या. तीस गुणिले दोन गुणिले ८० कोटी: सेकंदाला ४,८०० कोटी नमुने. एकटा नमुना काहीही सांगत नाही. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. जोडीजोडीचा गुणाकार करून थोड्या वेळाची सरासरी घेतात आणि तीच साठवतात. मूळचे नमुने सहसा ठेवतच नाहीत. त्या सरासऱ्यांतून आकाशाचं चित्र उभं राहतं, तेव्हा कुठे माहिती मिळते. नमुने ते चित्र यांच्यामधलं सगळं विदा. इथे ज्ञानाचा धातू आला म्हणून काय बिघडलं?

अनुस्वार:
खोडदचं उदाहरण घेते, चाळणं-पाखडणंही घेते. शीर्षकासाठी आता 'बृहद्विदा'कडे कल होतोय, निदान सूचीत तरी तो राहील.

दगडीपाटी:
सूचीत घेणार असाल तर जपून. 'बृहद्विदा' दोन तऱ्हांनी टंकला जातो. एकात द आणि व जोडले जातात. दुसऱ्यात मध्ये न दिसणारं एक विलगचिन्ह घालून 'द्' पाय मोडून वेगळा ठेवतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. पहिल्या तऱ्हेची ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. दुसरीची १०, म्हणजे ३०. डोळ्याला शब्द एकच, संगणकाला दोन. एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. 'दऱ्या'चंही तेच, त्यातला अर्धा र कुणी ऱ घेऊन काढतं, कुणी र आणि जोडचिन्ह घेऊन. आणि सूची डेटाबेसमध्ये ठेवणार असाल, तर रकान्याची लांबी अक्षरांत आहे की बाइटमध्ये ते आधी विचारा. २० बाइटच्या रकान्यात देवनागरीची सहाच चिन्हं पूर्ण बसतात, सातवं मध्येच तुटलं की त्याजागी चौकट किंवा प्रश्नचिन्ह उमटतं.

पाणवठा:
म्हणजे तपासणाऱ्यांचं ते समासातलं प्रश्नचिन्ह पेनानं काढलेलं होतं की छापून आलेलं?

अनुस्वार:
छापून आलेलं, पानाच्या समासात नव्हे, शब्दाच्याच समासात, 'द्' नंतर लगेच. फाइल उघडून बघते. तोवर विदा 'तो' की 'ती' एवढं कुणीतरी सांगा, पहिल्या प्रकरणात चाळीस ठिकाणी बदलावं लागेल.

खळं:
तो.

पाणवठा:
ती.